'स्मृतिचित्रां'तील शिष्यत्व

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रां'च्या वाट्यास जितकी स्तुती आली तितकी मराठीतील फारच थोड्या आत्मचरित्रांच्या वाट्यास आली असेल. १९३४ ते १९३६ ह्या काळात हा ग्रंथ चार भागांनी प्रसिद्ध झाला. शेवटचा भाग पुरा होण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लेखिका निवर्तल्या आणि राहिलेले काम त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी तडीस नेले. पुढे १९८२ साली विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला, तेव्हा ज्यांनी पुस्तक उघडलेही नव्हते अशांच्या घरीही लक्ष्मीबाई जाऊन पोहोचल्या. आज कोणत्याही सुशिक्षित मराठी कुटुंबात ह्या ग्रंथाचे नाव काढावे, की कोणी तरी त्यातील एखादा हशा पिकविणारा प्रसंग सांगू लागतोच. विक्षिप्त कविपती, सोशीक पण हजरजबाबी पत्नी, आणि त्या दोघांचा चिंध्या झालेला तरी उबदार संसार, असे ह्या पुस्तकाचे चित्र आमच्या मनात कायमचे बसले आहे.

हे चित्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ते अपुरे आहे. हिंदू वाचक विनोदावर आणि संसारावर लुब्ध होतो व धर्मांतराची प्रकरणे किंचित अवघडून, घाईने ओलांडतो. ख्रिस्ती वाचक धर्मांतराची प्रकरणे आदराने वाचतो. परंतु त्यांत त्यास पुष्कळदा आपल्या पक्षाचा विजय तेवढा दिसतो. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. एका मनुष्याने देवाचे म्हणणे ऐकावयास शिकणे म्हणजे काय, आणि अशा शिकणाऱ्या नवख्यास इतरांनी घरात घ्यावयाचे ते कसे, ह्या दोन प्रश्नांचा इतका खुला व इतका निर्भय तपशील मराठीत दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात आम्हांस आढळलेला नाही. 'स्मृतिचित्रे' हा शिष्यत्वाचा ग्रंथ आहे, आणि तसा तो वाचला पाहिजे, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरात जन्मल्या. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन वाचून कोणास हसू येणार नाही? बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्यावाचून घरात यावयाची नाही. मुलांनी कशास शिवावे आणि कशास शिवू नये ह्याचा हिशेब दिवसभर चालावयाचा. लेखिकेने हे सारे गमतीने सांगितले आहे, म्हणून आपणही ते गमतीनेच वाचतो. परंतु पुढचे सारे पुस्तक वाचून पुन्हा येथे यावे, म्हणजे कळते की ह्या गमतीत सबंध ग्रंथाचा पाया आहे. पाणी ही वस्तू माणसास माणसापासून दूर ठेवण्यासाठी आहे, हा ह्या मुलीने घेतलेला पहिला धर्मपाठ. तो विसरण्यास तिला तीस वर्षे लागली, आणि त्या विसरण्याचा इतिहास म्हणजेच तिचे शिष्यत्व.

देवाचे ऐकण्याच्या दोन निरनिराळ्या रीती ह्या ग्रंथात शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली नारायण वामन टिळकांची. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले, त्याने नवा करार हाती ठेवला, आणि वाचण्याचे वचन दिल्यामुळे टिळकांनी तो वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनाशी ते आले आणि तेथे अडकले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही रीत कवीची आहे. एखादा शब्द विजेसारखा अंगावर येतो, आणि मग मागचे पुढचे न पाहता माणूस त्याच्या मागे निघतो. टिळकांची ही वृत्ती केवळ धर्मापुरती नव्हती. नोकरी सोडणे, गाव सोडणे, हातातील पैसा समोरच्या गरजूस देऊन मोकळे होणे, हे सारे त्याच वृत्तीचे प्रकार. आणि लक्ष्मीबाईंनी त्यांतील एकही झाकलेला नाही.

दुसरी रीत खुद्द लक्ष्मीबाईंची. त्यांस वीज दिसली नाही, वाणी ऐकू आली नाही. त्यांस शाळा नव्हती, शास्त्र नव्हते; अक्षरओळख झाली तीही पतीच्या हातून. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' ज्यांनी वाचले असेल त्यांनी ही तुलना अवश्य करावी. १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेणाऱ्या ह्या विद्वान गृहस्थाने आपल्या आत्मचरित्रात मते तपासली आहेत. एक ग्रंथ दुसऱ्या ग्रंथापुढे उभा करून, वकिलाच्या काटेकोरपणाने, आपण येथून तेथे का आलो हे त्यांनी मांडले आहे. लक्ष्मीबाईंपाशी हे साहित्य नाही. त्यांच्यापाशी चूल आहे, पाण्याची घागर आहे, कडेवर मूल आहे, आणि एक विलक्षण प्रामाणिक मन आहे. त्या मनाने एके दिवशी आपल्याशीच वाद घातला. देवाने माणसे निर्माण केली. त्यांत जाती कोणी घातल्या? ह्या प्रश्नाचे उत्तर मनाशी ठरताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. मत मागाहून आले. हात आधी पुढे झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा, राहुरीचा.

ह्या क्रमास आम्ही फार महत्त्व देतो. पतीच्या पाठोपाठ पत्नी गेली, पतिव्रतेचा धर्म तिने नव्या घरात चालविला, असा ह्या प्रकरणाचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. ग्रंथातील पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे. पतीचा बाप्तिस्मा झाल्यावर सुमारे साडेचार वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही त्या आपले आचार सांभाळून राहिल्या. पतीच्या शब्दाखातर ज्या स्त्रीने आपली घागर विटाळू दिली नाही, तिने ती स्वतःच्या विचाराने विटाळली. देवाचे ऐकणे म्हणजे कोणा मोठ्या माणसाचे ऐकणे नव्हे, हे दाखविणारे ह्याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार? आणि तरीही हे ऐकणे अगदी एकटीचे नव्हते. भोवती जी माणसे वावरत होती, त्यांच्या वागण्यातून ते हळूहळू कानी पडत होते.

येथे टिळकांच्या न्यायान्यायाचा प्रश्न उभा राहतो व तो टाळणे टीकाकारास शोभणार नाही. पत्नीस मागे ठेवून टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीवर ह्याचा काय परिणाम झाला असेल, हे सांगावयास नको: जिवंत पती असून वैधव्याची अवकळा, आणि वर लोकांची कीव. आपल्या मनास जे सत्य वाटले त्यासाठी दुसऱ्याचा जीव असा टांगणीस लावण्याचा अधिकार कोणास आहे काय? टिळकांचे चरित्रकार ह्या ठिकाणी सत्यनिष्ठेची भाषा वापरतात. लक्ष्मीबाई ती वापरीत नाहीत. त्या आपले वेड्यासारखे झालेले दिवस जसेच्या तसे सांगतात आणि निकाल वाचकावर सोपवितात. आमचा निकाल असा की, टिळकांच्या हातून अन्याय झाला. परंतु त्याची भरपाई करण्याची जी एकच वाट होती तीही त्यांनी धरली. त्यांनी वाट पाहिली. पत्नी परत आल्यावर तिच्या सोवळ्यास त्यांनी हसून लाथाडले नाही; तिच्या आचारात आडकाठी आणली नाही. जो मनुष्य स्वभावाने क्षणभर धीर धरणारा नव्हता, त्याने ह्या एका बाबतीत वर्षानुवर्षे धीर धरला. नवख्यास धर्मात आणण्याची ह्याहून दुसरी शुद्ध रीत आम्हांस ठाऊक नाही.

ताटातुटीच्या ह्या काळात लक्ष्मीबाई काही दिवस पंढरपुरास होत्या. आम्हां सोलापूर जिल्ह्यातील वाचकांस ही गोष्ट जवळची वाटावी. चंद्रभागेच्या तीरी, विठ्ठलाच्या सावलीत, पतीच्या धर्मांतराने होरपळलेली ही स्त्री दिवस काढीत होती. आणि तिचा पती, आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो असे पुढे वारंवार सांगणारा, नगरास होता. परंतु पंढरपूर म्हटले म्हणजे दुसरीही एक गोष्ट आठवते. लक्ष्मीबाईंस विठोबाच्या देवळाचा उंबरठा मोकळा होता. ज्या जातींस तो मोकळा नव्हता त्यांचा प्रतिनिधी चोखोबा शतकानुशतके नामदेवाच्या पायरीपाशी बाहेरच होता. ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले.

आता हे ध्यानात धरून राहुरीकडे व नगराकडे पाहावे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरास १८३१ पासून चाललेले. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार व मांग समाजांतून आलेली. लक्ष्मीबाई ज्या घरात शिरल्या त्या घराचे आधीचे रहिवासी हे होते. म्हणजे नवखी कोण? जलालपूरच्या गोखल्यांची लेक नवखी, आणि जिच्या सावलीस तिचे वडील भ्याले असते ती माणसे यजमान. पंढरपुरास जी आत व ते बाहेर, राहुरीस ते आत व ती उंबरठ्याशी. 'नवख्यांचे स्वागत' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा असे चित्र येते की, वरच्या पायरीवरील सुसंस्कृत मनुष्य खालच्यास हात देत आहे. 'स्मृतिचित्रां'त हे चित्र नेमके उलटे झाले आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या विहिरीवर ताटकळत उभे राहावे, त्यांनी ह्या ब्राह्मण बाईस तिचे पाणी वेगळे ठेवू दिले, आणि ती आपण होऊन त्यांचे पाणी पिऊ लागेतो तिला आपल्यांत वावरू दिले. त्यांच्या ह्या औदार्याचा महिमा गाणारा ग्रंथ झाला नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या ध्यानात तो पुरता आला नाही, आणि ज्यांनी तो दाखविला त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

ह्या ग्रंथाचा आम्हांस जाणवणारा मोठा दोष येथेच आहे. लक्ष्मीबाईंची दृष्टी तीक्ष्ण व मन मोठे. माणसाची लकब एका वाक्यात पकडणारी त्यांची लेखणी. तरीही मंडळीतील ही साधी माणसे पुष्कळदा पार्श्वभागी राहतात. मिशनरी आणि कवी जितके ठसठशीत उमटतात, तितके हे शेजारी उमटत नाहीत. दुसरा दोष असा की, अंतःकरणातील वळणे त्या फार थोडक्यात उरकतात. एखाद्या चोरीची किंवा प्रवासाची हकीकत पाने भरून येते, आणि जन्माचा निर्णय चार ओळींत संपतो. परंतु हा दोष म्हणावा की नाही, ह्याविषयी आमच्या मनात शंका आहे. आपण देवाचे काय ऐकले हे जी माणसे फार सविस्तर सांगतात, त्यांच्या कानांविषयी वाचकास संशय येऊ लागतो. लक्ष्मीबाईंचा तोकडेपणा ही त्यांच्या खरेपणाची खूण असावी.

स्वतः घरात आल्यावर लक्ष्मीबाईंनी दार लावून घेतले नाही, हा त्यांच्या शिष्यत्वाचा पुढचा पाठ. राहुरीच्या दुष्काळाच्या दिवसांत पोरकी झालेली मुले त्यांच्या संसारात आली. घरात पैसा नाही, पती उदार, आणि पंगत वाढत चाललेली, हे चित्र त्यांनी विनोदाने रंगविले आहे. पण भूक ही विनोदाची वस्तू नव्हे हे ओळीओळींतून जाणवते. त्याहून अर्थपूर्ण प्रकरण त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हा तरुण, आपला बालकवी, पुढे नगरास टिळकांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसणे, फुगणे, आळस, लाघव हे सारे आईच्या नजरेने टिपले आहे. तो ख्रिस्ती झाला नाही. टिळकांच्या घरातील प्रेम त्याने ख्रिस्ती व्हावे म्हणून दिलेले नव्हते, आणि तो झाला नाही म्हणून काढूनही घेतलेले नव्हते. १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला, ह्या हकीकतीमागे त्या घराचे जे दुःख आहे त्यात धर्माची भिंत कोठेही दिसत नाही. स्वागताची कसोटी अशीच असते. पाहुण्याने आपला धर्म घेतला नाही तरी त्याचे ताट जागचे हलत नाही, तेव्हाच ते ताट खरे.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी हीच गोष्ट घरापुरती न ठेवता संस्थेच्या रूपाने उभी करू पाहिली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास आले आणि 'देवाचा दरबार' त्यांनी भरविला. ख्रिस्तास गुरू मानणारे, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ह्या दरबारात बंधुभावाने एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना. तिला दोन्हीकडून विरोध होणे स्वाभाविक होते. मिशनला वाटले, बाप्तिस्म्याची रेषा पुसली तर मंडळी उरेल कशी? हिंदूंना वाटले, ही फासे टाकण्याचीच नवी तऱ्हा. दोन्ही शंका बिनबुडाच्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. कुंपण नसलेल्या बागेत गुरे शिरतात हे खरे. आणि दार फार मोठे उघडे दिसले की आत काय आहे ह्याविषयी वाटसरू साशंक होतो हेही खरे. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले, आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो भरला तो प्रश्न शिल्लक आहे. शिष्य होण्यास आरंभ कोठून होतो? नाव पटावर चढते तेथून, की मनुष्य ऐकावयास लागतो तेथून? टिळकांचे उत्तर दुसरे होते. आणि ते उत्तर त्यांस कोठे सापडले असेल, ह्याचा शोध घेतला तर त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरापाशी येऊन थांबावे लागते. बाप्तिस्म्यापूर्वी शिष्य झालेली एक व्यक्ती त्यांनी तेथे रोज पाहिली होती.

हे सारे सोलापुरातून लिहिण्यास आम्हांस विशेष कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या शहरातही पडले, आणि टिळकांची पदे आजही येथील मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गाइली जातात. त्या पदांस अभंगाचा व कीर्तनाचा घाट आहे. ख्रिस्ती होताना आपली भाषा व आपला टाळ उंबरठ्याबाहेर ठेवून यावे लागत नाही, हे त्यांनी मराठी मंडळीस शिकविले. शिवाय सोलापूर हे शहरच नवख्यांचे. गिरण्यांच्या दिवसांत तेलुगू विणकर आले, कानडी बोलणारे शेजारी होतेच, दुष्काळी गावांतून मराठी कुणबी आला. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी ही माणसे एकमेकांच्या शेजारी राहतच आहेत. ह्याच शहरात तारेच्या कुंपणाची 'सेटलमेंट' होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्यांस तेथे कोंडून सुधारणेचे धडे दिले जात. कुंपण गेले, कायदा रद्द झाला, पण वस्तीचे नाव तेच राहिले. कोंडून दिलेला धडा आणि वाट पाहून दिलेले ताट ह्यांतील अंतर ज्यास पाहावयाचे असेल, त्याने 'स्मृतिचित्रे' हाती घेऊन ह्या वस्तीवरून एकदा जावे.

ह्या ग्रंथापासून ख्रिस्ती मंडळीने काय घ्यावे हे तर उघड आहे. दारात आलेल्या नवख्यास त्याची जुनी घागर फोडावयास लावू नये. तिच्यातील पाणी तो स्वतः ओतून देईपर्यंत थांबावे. परंतु आमच्यासारख्या हिंदू मध्यमवर्गीय वाचकांसही त्यात बरेच घेण्याजोगे आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे वाचून आपण हसतो, आणि घरकाम करणाऱ्या बाईचा पेला मात्र अजून फडताळात वेगळा असतो. भाड्याने घर मागावयास आलेल्यास आपण आडनाव विचारतो, आणि ते ऐकून जागा आधीच दिली गेल्याचे सांगतो. 'स्मृतिचित्रे' आवडणे सोपे आहे. त्या आवडीचा निकाल साहित्यसभेत लागत नाही. तो आपल्या घरच्या पाण्याच्या भांड्यापाशी लागतो. लक्ष्मीबाईंनी तो आपल्यापुरता लावून घेतला, आणि मग निवांतपणे, हसत हसत, लिहावयास बसल्या.